अध्यक्षसाहेब, पोरं देवाला सोडून गेलेली नाहीत

कुडपण, ता. पोलादपूर, जि. रायगड

मंडळीच्या पंच कमिटीचे आजन्म अध्यक्ष
यांस,



वार्षिक अहवालातलं तुमचं मनोगत वाचलं. तरुण पिढी चर्चपासून दुरावते आहे याचं तुम्हाला फार दुःख झालेलं दिसलं. मोबाइल, सिनेमा, इंग्रजी शाळा, शहरातली संगत आणि पालकांची ढिलाई, अशी आरोपींची यादी तुम्ही दिली आहे. यादी चांगली लांबलचक आहे. तुमचं स्वतःचं नाव तेवढं राहून गेलं. ते भरावं म्हणून हे पत्र लिहिते आहे. खुलं एवढ्यासाठी की बंद पाकिटातली आधीची पत्रं कमिटीसमोर कधी आलीच नाहीत.

मी तुमच्याच मंडळीची. नगर जिल्ह्यातल्या आपल्या चर्चमध्येच माझा बाप्तिस्मा आणि दृढीकरण झालं, तिथल्या संडे स्कूलमध्ये मी शिकले आणि पुढे शिकवलंही. जिल्हा परिषदेच्या नोकरीने मला कोकणात आणलं. पोलादपूरहून कापड्यावरून निघालं, क्षेत्रपाळ मागे टाकून वर चढलं की कुडपण येतं. शेलारमामांचं गाव म्हणून याची ओळख. पावसाळ्यात भीमाची काठी धबधबा बघायला गाड्यांची रीघ लागते, एरवी गाव शांत असतं. तरणी पोरं मुंबई, ठाणे, पनवेल, भिवंडीला. घरी म्हातारी माणसं, गुरं आणि माझ्या वर्गातली लेकरं. इथे चर्च नाही. रविवारी मी खोलीत बसून उपासना करते, उपासना संगीतातली गीतं एकटीच म्हणते. पण तरुण आणि देव यांचं नातं कसं टिकतं हे मला इथे बघायला मिळालं, आणि तेच तुम्हाला सांगायचं आहे.

पोलादपूर तालुका वारकऱ्यांचा. गावोगावी अखंड हरिनाम सप्ताह बसतो. सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते. रात्रंदिवस कुणीतरी ती गळ्यात घेऊन देवासमोर उभं असतं. त्याचे पहारे ठरतात आणि देवळातल्या फळ्यावर नावं लागतात. म्हाताऱ्या माळकऱ्यांबरोबर त्यात कॉलेजातली आणि नोकरीवरची पोरंही असतात. एका सप्ताहात रात्री दोन ते चारचा पहारा भिवंडीच्या गोदामात काम करणाऱ्या पोराचा होता. दोन दिवसांची रजा टाकून, एसटी आणि मग जीप करत तो आला होता. पहाऱ्याआधी पारावर बसून त्याने मला सरळ विचारलं, "बाई, देव खरंच असतो का हो?" मी काही बोलायच्या आत आतून हाक आली. तो उठला, पाय धुतले, आधीच्या पहारेकऱ्याच्या पाया पडला. त्या सत्तरीच्या बाबानेही वाकून या पोराच्या पायाला हात लावला, आणि वीणा त्याच्या गळ्यात घातली. मग दोन तास तो पोरगा उभा होता.

अध्यक्षसाहेब, या प्रसंगात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. त्या पोराच्या मनात शंका होती, आणि शंका आहे म्हणून त्याचा पहारा कुणी काढून घेतला नाही. आधी विश्वास सिद्ध कर, मग वीणा देऊ, असं त्या बाबाने म्हटलं नाही. काम हातात दिलं, तेही मोलाचं, ज्याच्यावाचून सप्ताह मोडेल असं. शिमग्यालाही हेच. पालखी घरोघरी जाते, खांद्यावर घ्यायला मुंबईची पोरं लागतात, त्यांची वाट बघितली जाते. मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळात वर्गणीचा पै न पै वहीत लिहिलेला असतो आणि ती वही सगळ्यांपुढे वाचली जाते. हिशेबावरून भांडणं होतात, आवाज चढतात, आणि दुसऱ्या दिवशी तीच माणसं पालखीखाली असतात. या गावात सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. बायकांना त्या फळ्यावर अजून जागा नाही, हे मला खुपतं आणि मी ते इथेही बोलते. पण पोरांना देवाच्या घरात काम आहे. आपल्याकडे पोरांना काय आहे?

आपल्याकडे त्यांना बाक आहे. बसायचं, उभं राहायचं, गायचं, दानार्पणाची थैली आली की पैसे टाकायचे, आशीर्वाद घेऊन घरी जायचं. नाताळात स्टेजवर पडदे बांधायला, तारा लटकवायला आणि खुर्च्या उचलायला तरुण संघ. खुर्चीवर बसायला तुम्ही.

त्या वार्षिक सभेची आठवण तुम्हाला द्यायला हवी. आपल्याच मंडळीतली, हिशेबाच्या परीक्षा पास झालेली मुलगी उभी राहिली. कंपाउंडातल्या गाळ्यांचं भाडं किती येतं आणि कुठे जमा होतं, एवढंच तिने विचारलं. आवाज शांत होता. हातात गेल्या वर्षीचा छापील अहवाल होता आणि तिने दोन आकड्यांखाली पेन्सिलीने रेघ मारली होती. तुम्ही हसून म्हणालात की बाळा, तू संडे स्कूल बघ, हे मोठ्यांचे विषय आहेत. मग वडिलांकडे वळून मुलीला आवरायला सांगितलंत. वडिलांनी मान खाली घातली. ती पुढच्या रविवारी आली नाही. आता ती पुण्यात असते. रविवारी हॉटेलच्या हॉलमध्ये भरणाऱ्या एका इंग्रजी प्रार्थना-सभेला जाते आणि तिथे हिशेब तीच बघते. तुमच्या अहवालात ती 'जगिक मोहात पडलेल्यां'मध्ये मोडते. मला कळत नाही, कोणता मोह? पावती बघण्याचा?

प्रश्न विचारणं हे अविश्वासाचं लक्षण आहे हा धडा तुम्ही आमच्या पोरांना शिकवलात, आणि तो मराठी ख्रिस्ती इतिहासाला धरून अजिबात नाही. इथलंच उदाहरण घ्या. सावित्री नदी पोलादपूर, महाड करत बाणकोटला समुद्राला मिळते. तिथे 1823 साली स्कॉटिश मिशनने काम सुरू केलं, कोकणात मराठी शाळा काढल्या. त्याच मिशनचा रॉबर्ट नेस्बिट 1827 मध्ये आला, जॉन विल्सन 1829 मध्ये. दोघंही तेव्हा पंचविशीच्या आतले. आल्या आल्या मराठी शिकायला बसले. बाबा पदमनजींनी 'यमुनापर्यटन' लिहून विधवांचं दुःख मराठीत मांडलं ते 1857 मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या पंचवीस वर्षांच्या होत्या. बाप्तिस्म्यानंतरही त्या गप्प बसल्या नाहीत. ज्या सिस्टरांनी त्यांना आसरा दिला त्यांच्याशीच त्यांनी धर्मतत्त्वांवर पत्रांतून वाद घातला. पटलं नाही ते पटलं नाही म्हणून सांगितलं. त्याच बाईंनी पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं आणि मूळ भाषा शिकून सगळं बायबल सोप्या मराठीत आणलं.

ही माणसं आज तुमच्या मंडळीत असती तर नेस्बिट आणि विल्सन पंचाच्या निवडणुकीत वयामुळे बाद झाले असते, पदमनजींना विषय जरा सांभाळून निवडा असं सांगितलं असतं, आणि रमाबाईंच्या वडिलांकडे तक्रार गेली असती. तुमच्या नियमांनी मराठी चर्च सुरूच झालं नसतं.

रेव्हरंड टिळकांचं नाव तुम्ही दर नाताळात घेता, म्हणून त्यांच्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते. ते मूळचे याच कोकणातले, दापोली तालुक्यातल्या करजगावात 1861 मध्ये जन्मलेले. 1895 मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं, 'ज्ञानोदय'चा मराठी भाग सांभाळला, आपण आज गातो त्यातली कितीतरी गीतं लिहिली. आणि 1917 मध्ये ते मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले. ख्रिस्त त्यांनी सोडला नाही, मिशनची चौकट सोडली. साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र बसता यावं, भजन-कीर्तन व्हावं, पगारी नोकरशाहीचा आणि परकेपणाचा वास जावा, असं त्यांना वाटत होतं. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो हे ते उघड सांगत. दोन वर्षांनी, 1919 च्या मे महिन्यात ते वारले आणि दरबार फार काळ टिकला नाही.

तेव्हा, अध्यक्षसाहेब, चर्च सोडून जाणाऱ्यांच्या यादीत पहिलं मोठं नाव तुमच्या आवडत्या कवीचं आहे. त्यांच्याकडे मोबाइल नव्हता. त्यांना जे टोचलं तेच आज आपल्या पोरांना टोचतं. देव जवळचा आणि संस्था लांबची. तुम्ही टिळकांच्या फोटोला हार घालता आणि टिळकांसारखं वागणाऱ्याला नोटीस काढता. आपल्या तरुण संघाने एकदा टाळ-मृदंगावर कीर्तन ठेवायचं म्हटलं तेव्हा तुम्ही ते हिंदू वाटतं म्हणून नामंजूर केलंत. नगरमध्ये ख्रिस्ती कीर्तन एकोणिसाव्या शतकापासून चालत आलं आहे. मग पोरांनी गिटार आणली, तर ती पाश्चात्त्य. मग उरलं काय? पायपेटी, आणि ती वाजवणारे तुमचे मेहुणे.

आता जरा कडू विषय. इथून खाली महाड आहे. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. तेव्हा त्यांचं वय पस्तीस होतं. त्याच वर्षी 25 डिसेंबरला तिथे मनुस्मृती जाळली गेली. त्या दिवशी नाताळ होता. आपल्या नगरकडच्या मंडळ्यांमधली बहुतेक घरं ज्या समाजांतून आली, त्यांच्याच माणुसकीचा तो लढा होता. पुढे 1 जानेवारी 1938 ला सोलापुरात बाबासाहेब ख्रिस्ती बांधवांसमोर बोलले. त्यांनी स्पष्ट सुनावलं की तुमच्यात शिकलेली मुलंमुली इतकी आहेत, तरी तुमच्यावरच्या अन्यायाविरुद्ध तुम्ही चळवळ करत नाही, आणि न शिकलेले अस्पृश्य मात्र करतात. या भाषणावर आपल्या चर्चमध्ये मी एकही प्रवचन ऐकलेलं नाही. पोरांनी ते भाषण स्वतः शोधून वाचलं आहे. वाचून ती तुमच्याकडे बघतात.

1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये शीख आले, 1990 मध्ये बौद्ध आले. दलित ख्रिस्ती आजही बाहेर. न्यायमूर्ती बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली 2022 मध्ये त्यावर आयोग नेमला गेला. हा प्रश्न आपल्या प्रत्येक घरात जेवणाच्या ताटावर येतो. बारावी झालेल्या पोराला ठरवावं लागतं की कागदावर आपण कोण. आपल्यातल्या एका पोराने तरुण संघाच्या सभेत हे विचारलं. कॉलेजच्या प्रवेशाला चारच दिवस राहिले होते. रडवेला झाला होता तो. तुम्ही पाहुणे म्हणून बसला होतात. तुम्ही उंट आणि सुईच्या नाकाचं वचन सांगितलंत. श्रीमंताला उद्देशून सांगितलेलं वचन फीला पैसे नसलेल्या पोराला! वकील गाठून देणं, शिष्यवृत्तीची माहिती काढणं, निदान खांद्यावर हात ठेवणं, यातलं काही तुमच्याकडून झालं नाही. आणि त्याच महिन्यात, तुमच्या पुतण्यासाठी स्थळ बघताना मुलीकडचे 'मूळचे कोण' याची चौकशी तुम्हीच केलीत. तेही पोरांनी ऐकलं. मंडळी लहान असते, साहेब, सगळं ऐकू येतं. ख्रिस्तात यहुदी नाही आणि हेल्लेणी नाही हे वचन पोरांना तोंडपाठ आहे, कारण ते आम्हीच संडे स्कूलमध्ये पाठ करून घेतलं.

आपल्या मंडळीच्या कोर्टकचेऱ्यांबद्दल फार लिहीत नाही, कारण त्या विषयात तुमचा अभ्यास माझ्यापेक्षा मोठा आहे. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी, सीएनआय, स्थापन झाली. एकत्र यायचं ते शिष्यांनी एक व्हावं म्हणून प्रभूने केलेल्या प्रार्थनेला धरून. त्या विलीनीकरणातून गुजरातेतल्या ब्रेदरन मंडळीच्या मालमत्तेचा वाद उभा राहिला आणि तो 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. आपल्याकडचे दावे त्याहून लहान आहेत, पण चिकाटी तीच. आपल्या पोरांनी जन्मल्यापासून दोन गोष्टी सारख्या ऐकल्या, शुभवर्तमान आणि पुढची तारीख. पाळकांना तुम्ही दावे लढणाऱ्या दोन गटांच्या मध्ये असं उभं केलंत की बिचारे आजाऱ्याच्या घरी प्रार्थनेला जायलाही घाबरतात, कोणत्या गटाच्या घरी आधी गेले याची नोंद होते म्हणून.

तुम्ही म्हणाल, हे जगभर चाललं आहे, आम्ही काय करणार. खरं आहे, चाललं आहे. अमेरिकेत दहातली तीन माणसं आता कोणताच धर्म सांगत नाहीत. कॅथलिकांनी ऑक्टोबर 2018 मध्ये रोमला तरुणांच्याच प्रश्नावर जवळपास महिनाभर सिनड, म्हणजे धर्मसभा भरवली, तरुण मुलामुलींना तिथे बोलावून बोलू दिलं, आणि पुढच्या वर्षी पोप फ्रान्सिस यांनी तरुणांना उद्देशून पत्र काढलं. एवढं मोठं, एवढं जुनं चर्च, पण ऐकून घ्यायला बसलं. आपली मंडळी लहानशी, तिला एक दुपार मिळाली नाही. आणि इथली गोष्ट अमेरिकेसारखी नाही. तिथले अनेक तरुण धर्मच नको म्हणून घरी बसतात. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात आपण 10 लाख 80 हजार, म्हणजे शंभरात एकही पुरता नाही. एवढ्याशा समाजातल्या पोराला बाहेर रोज नावावरून, आडनावावरून, धर्मांतराच्या आरोपावरून उत्तरं द्यावी लागतात. ऑफिसात कुणी विचारलं, तुला किती पैसे मिळाले रे ख्रिश्चन व्हायला, तर काय बोलावं हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. तो बाहेर एकटा असतो. रविवारी आपल्या माणसांत यावं तर इथेही त्याला कुणी विचारत नाही. मग तो गुपचूप जातो. भांडून गेला असता तर तुम्हाला निदान कळलं असतं.

वसईचं उदाहरण तुमच्या डोळ्यांसमोर होतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो झगा घालून जमिनीच्या, पाण्याच्या, झाडांच्या लढ्यात उतरले, हरित वसईच्या चळवळीत रस्त्यावर उभे राहिले, धमक्या सोसल्या. 'सुवार्ता' मासिक त्यांनी साऱ्या मराठी वाचकांचं केलं. 2020 मध्ये धाराशिवच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. 25 जुलै 2024 ला ते गेले तेव्हा सगळ्या धर्मांची माणसं रडली. त्यांच्या काळातल्या वसईच्या पोरांना चर्च म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागलं नाही. धर्मगुरू आपल्या विहिरीसाठी भांडतोय हे ती बघत होती. आपल्या मंडळीच्या गावात दुष्काळ पडतो, टँकर येतो. तेव्हा आपण काय केलं? कंपाउंडाच्या फाटकाला कुलूप लावलं, विहीर मंडळीची आहे म्हणून.

शेलारमामांचं नाव वर घेतलं ते सहज नाही. तानाजींचं उमरठ इथून फार लांब नाही. 1670 मध्ये तानाजी कोंढाण्याला निघाले तेव्हा मामा ऐंशीचे होते असं परंपरा सांगते. ते भाच्याला आशीर्वाद देऊन घरी थांबले नाहीत, पोरांबरोबर कडा चढले. तानाजी पडल्यावर उदयभानाशी भिडले. माझ्या वर्गातली लेकरं ही गोष्ट छाती फुगवून सांगतात. म्हातारपण कसं असावं याचं चित्र त्यांना गावातच मिळालं आहे. आपल्या मंडळीतही अशी म्हातारी माणसं आहेत. जुन्या फळीतले एक निवृत्त मास्तर अजून सायकलवरून दवाखान्यात जाऊन आजाऱ्यांजवळ बसतात. पोरं त्यांच्या पायाशी बसतात. म्हणजे पोरांना म्हाताऱ्यांचा कंटाळा नाही. तुमचा आहे.

तेव्हा सरळ सांगते. पुढच्या वार्षिक सभेआधी राजीनामा द्या. नातेवाइकाच्या नावाने पुन्हा येऊ नका. गाळ्यांचं भाडं, दानार्पण आणि वकिलांची फी, तिन्हीचे आकडे चर्चच्या फलकावर लावा, सगळ्यांना वाचता येतील अशा अक्षरात. घटनेतली पंचांची वयाची अट काढा आणि निम्म्या जागा पस्तिशीच्या आतल्यांना, त्यातल्या निम्म्या मुलींना द्या. महिन्यातून एक उपासना तरुणांच्या हाती सोपवा, प्रवचनासकट. चुकतील. चुकू द्या. त्या वेळी तुम्ही मागच्या बाकावर बसा आणि ऐका. आणि ती हिशेबाची मुलगी, तिच्या वडिलांच्या घरी जाऊन त्यांची माफी मागा. सभेत नको, घरी जाऊनच.

हे पत्र वाचणाऱ्या मंडळीच्या पोरापोरींनो, तुमच्यासाठीही दोन शब्द. तुम्हाला चर्चमधून कुणी काढलेलं नाही, तुम्ही सभासद आहात. वार्षिक सभेची तारीख लागली की रजा काढून या. मुंबईहून कुडपणला येणारी पोरं येतात, तुम्हाला पुण्याहून नगर जवळ आहे. मंडळीच्या मतदारयादीत नाव आहे का ते आधी तपासा, वर्गणीची पावती जपून ठेवा. आणि हिशेब मागितल्यावर कुणी संडे स्कूल बघायला सांगितलं, तर वाद घालत बसू नका. आपली मंडळी सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहे, तिचे तपासलेले हिशेब दरवर्षी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दाखल करावे लागतात, आणि अर्ज करून ते बघता येतात.

ख्रिस्तात तुमची,
मंडळीची एक सभासद